विषाचे कण फुकट, औषधाचे कण विकत!



मागच्या पंधरवड्यात आमच्या मुळशी तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. फुप्फुसाच्या कर्करोगावर 'नॅनो' औषध निघाले आहे, आता केस गळणार नाहीत, उलट्या होणार नाहीत, औषध थेट गाठीत जाऊन बसणार, वगैरे. त्याच्या शेवटी कुणीतरी शेपूट जोडलेले होते की, आपल्या ऋषिमुनींनी सुवर्णभस्म बनवून हजारो वर्षांपूर्वीच हे केले होते. त्यावर दोन प्रकारची उत्तरे आली. एका भावाने हात जोडल्याचे चिन्ह टाकून मजकूर तसाच पुढे ढकलला. दुसऱ्याने लिहिले, "हे पैसेवाल्यांचे चोचले. आपल्या वस्तीत साधी तापाची गोळी वेळेवर मिळत नाही, आपल्याला नॅनोशी काय घेणेदेणे?"

आमच्या मते दोघेही चुकले. पहिल्याची चूक सांगायला फार शब्द लागणार नाहीत. दुसऱ्याशी मात्र नीट भांडायला हवे, कारण तो आपला आहे, प्रामाणिक आहे आणि त्याचे म्हणणे वरवर पटण्यासारखे आहे.

भांडणाआधी एक हकिगत. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका वस्तीत आमची एक मावशी राहायची. नाव लिहीत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून खडी क्रशरवर पाट्या टाकायची. घरी तीन दगडांची चूल, वर सिमेंटचे पत्रे. आयुष्यात तिने विडी ओढली नाही. खोकला सुरू झाला तेव्हा ती लगेच डॉक्टरकडे गेली. एक्स-रेत डाग दिसला. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांचा कोर्स झाला, वर आणखी दोन महिने दिले. वजन उतरत गेले. खोकल्यातून रक्त पडू लागले तेव्हा पोरांनी पुण्याला नेले. सीटी झाला, बायोप्सी झाली. फुप्फुसाचा कर्करोग, आणि तो हाडांत उतरलेला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारले, "मावशी, इतके दिवस काय करत होता?" ती काय करत होती? ती रोज सकाळी न चुकता गोळ्या घेत होती.

एका डॉक्टरला शिव्या देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ज्या देशात टीबी इतका आहे तिथे गरिबाच्या फुप्फुसातला डाग म्हणजे टीबीच, असे धरून चालायची सवय लागते. फुप्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण या वाटेने उशिरा पोहोचतात, हे छातीरोगाचे डॉक्टर स्वतःच सांगतात. भारतात वर्षाला ८० हजारांच्या वर लोकांना फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि जवळपास तेवढेच मरतात. या दोन आकड्यांतले अंतर इतके कमी का, याचे अर्धे उत्तर मावशीच्या त्या आठ महिन्यांत आहे.

आता नॅनोकडे येऊ. मीटरचे अब्ज भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातली तांबडी पेशी सुमारे सात हजार. कर्करोगाच्या औषधासाठी वापरले जाणारे कण साधारण शंभराच्या आसपास असतात. इतके लहान कशाला? नेहमीची केमो म्हणजे सलाईनमधून सोडलेले विष. ते अंगभर फिरते, गाठीला मारते, तसेच केसांच्या मुळांना, तोंडाच्या आतल्या त्वचेला, रक्त बनवणाऱ्या मगजालाही मारते. म्हणून औषध एखाद्या वाहकात भरायचे, स्निग्ध पदार्थाच्या फुग्यात किंवा प्रथिनाच्या गोळीत, म्हणजे ते वाटेत कमी सांडेल आणि गाठीपाशी जास्त उतरेल. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या असतात, त्यांच्या भिंतींना फटी असतात, त्यांतून असे कण आत झिरपतात आणि आत साचतात. जपानी शास्त्रज्ञ मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली ही गोष्ट मांडली आणि त्यावर या शास्त्राचा मोठा डोलारा उभा राहिला.

फुप्फुसाच्या बाबतीत याचे ठळक उदाहरण म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. मूळचे यू नावाच्या झाडाच्या सालीतले हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका रासायनिक द्रावणात मिसळून देतात. त्या द्रावणाचीच अनेकांना ॲलर्जी येते. आधी स्टेरॉईड टोचावे लागते आणि सलाईन तीन तास सावकाश सोडावी लागते. मग शास्त्रज्ञांनी हेच औषध अल्ब्युमिन या आपल्याच रक्तातल्या प्रथिनाला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवले. ते द्रावण गेले, तीन तासांची सलाईन अर्ध्या तासावर आली. अमेरिकेत २००५ साली स्तनाच्या कर्करोगासाठी आणि २०१२ साली फुप्फुसाच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी मिळाली.

म्हणजे फॉरवर्ड खरा होता का? नाही. २०१२ च्या परवानगीमागे १,०५२ रुग्णांवरची चाचणी होती. जुन्या औषधाने १०० पैकी २५ रुग्णांची गाठ आक्रसली, नॅनो रूपाने ३३ जणांची. हातापायांना मुंग्या येण्याचा त्रासही कमी झाला. पण माणसे किती जगली? मध्यमान जुन्यात ११.२ महिने, नव्यात १२.१ महिने, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक फरक मानला गेला नाही. केस तर दोन्हीकडे गळतात. दुसरी गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१६ साली टोरंटोच्या संशोधकांनी मागच्या दहा वर्षांतले उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत प्रत्यक्ष किती पोहोचतात? मध्यमान ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. बाकीचे यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. श्वासावाटे थेट फुप्फुसात नॅनो-औषध सोडायचे प्रयत्न अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. कर्करोगासाठी ते अजून प्रयोगाच्याच टप्प्यावर आहेत.

शास्त्रज्ञ आपले अपयश स्वतःच मोजून छापतात, याचा आम्हाला आदर वाटतो. ०.७ टक्के हा आकडा विज्ञानाच्या शत्रूने काढलेला नाही, त्याच क्षेत्रातल्या लोकांनी काढलेला आहे. आणि भस्मवाले इथेच उघडे पडतात. सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात, हे खरे आहे. मग? चाळणीतून गेले म्हणजे औषध झाले काय? कण लहान असणे वेगळे आणि त्यात ठरावीक औषध ठरावीक मात्रेत भरून, किती पोहोचले, किती वाया गेले, कोण वाचले, कोण मेले याचा हिशेब देणे वेगळे. भस्माच्या बाजूने असा १,०५२ माणसांचा हिशेब कुणी मांडला आहे? लहान कण बनवणे हीच जर महान विद्या असेल, तर चुलीच्या धुरातली काजळीही नॅनो आकाराची असते. आमच्या आया-आज्यांनी पिढ्यान्पिढ्या ती बनवली आणि छातीत भरून घेतली. त्यांना कुणी प्राचीन नॅनो-वैज्ञानिक म्हटले नाही ते!

हा नुसता टोमणा नाही. आमचा मुख्य मुद्दा इथूनच सुरू होतो.

औषधाचा कण फुप्फुसात खोल पोहोचवायला जगभरचे शास्त्रज्ञ डोके फोडत आहेत. विषाचा कण मात्र आमच्या फुप्फुसात कधीचा पोहोचलेला आहे. त्याला ना परवानगी लागली, ना चाचणी, ना पेटंट. क्रशरवरच्या दगडाच्या धुळीत सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९७ साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. डिझेलचा धूर २०१२ साली त्या गटात गेला, बाहेरची प्रदूषित हवा २०१३ साली. ॲस्बेस्टॉस तर फार आधीपासून आहे. आपल्या वस्त्यांवरचे जुने सिमेंटचे पत्रे फोडताना, कापताना, भोके पाडताना उडतात ते त्याचेच तंतू. देशात ते अजून आयात होते आणि त्याचे पत्रे अजून विकले जातात. घरातल्या सरपणाच्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' असा शेरा आहे. उज्ज्वला योजनेचा पहिला सिलिंडर आला, त्याचा फोटो आला. पुढच्या सिलिंडरचे पैसे नव्हते म्हणून चूल परत पेटली, त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आता सांगा, क्रशरवर पाट्या कोण टाकते? वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन कोण राबते? आमच्या तालुक्यातले कातकरी बांधव. पुण्याचा कचरा कोण वेचते? १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित झालेल्या बायांची यादी पाहा, बहुसंख्य दलित. रस्ता झाडताना उडणारी धूळ कुणाच्या नाकात जाते? बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. आम्ही एवढेच जोडतो की ती विभागणी श्वासापर्यंत गेलेली आहे. कोणता कण कुणाच्या छातीत जाईल हे भौतिकशास्त्र ठरवत नाही. ते गावाच्या नकाशावर ठरते, मुकादमाच्या हजेरीपुस्तकात ठरते.

म्हणून त्या दुसऱ्या भावाला आमचे सांगणे आहे: नॅनोशी आपला संबंध नाही असे म्हणू नकोस. नॅनोने आपल्याशी संबंध ठेवलेला आहे, तोही पिढ्यान्पिढ्या, आणि एकाच दिशेने.

दुसरी दिशा कशी उघडायची? त्यासाठी तालुक्याच्या बाहेर जायचीही गरज नाही. हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात येते. तिथल्या दुसऱ्या टप्प्यात जिनोव्हा ही औषध कंपनी आहे. कोरोनाच्या काळात तिने देशातली पहिली एमआरएनए लस बनवली. नॅनो आकाराच्या स्निग्ध वाहकावर बसवून औषध पेशीत पोहोचवायचे, हेच तिचेही तंत्र. जून २०२२ मध्ये तिला तातडीच्या वापराची परवानगी मिळाली आणि त्या कामाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा, म्हणजे तुमच्या-आमच्या करांचा पैसा लागला. इकडे लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठात नॅनोविज्ञानाचे केंद्र आहे. केंद्र सरकारने २००७ साली नॅनो मिशन सुरू केले तेव्हा पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपये ठेवले होते. काडेपेटीवरसुद्धा कर भरणाऱ्या माणसाचा त्यात वाटा आहे. तेव्हा हे ज्ञान दुसऱ्या कुणाचे आणि आम्ही दारात उभे याचक, ही भाषा सोडून द्या. आम्ही यातले भागीदार आहोत. भागीदाराने हिशेब मागायचा असतो.

मुळशीला हा धडा नवा नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला. गावे बुडाली, वीज मुंबईला गेली. पुढे त्याच टाटांच्या नावाचे परळचे कर्करोग रुग्णालय १९४१ साली उघडले, आणि आज आपल्या वस्तीतला माणूस कर्करोग म्हटला की परळचेच नाव घेतो. पण ते रुग्णालय १९५७ साली केंद्र सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाखाली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आज तिथे गरिबाला जी दारे उघडी आहेत ती सार्वजनिक पैशाने उघडी ठेवलेली आहेत. उपकाराची भाषा इथेही नको.

त्या परळच्या डॉक्टरांनी काय केले पाहा. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे महागडे औषध आहे. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. त्यांनी विचारले, आमच्या रुग्णाला एवढे परवडत नाही, कमी देऊन चालेल का? डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या, बरे होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६ टक्के होते, ते ४३ टक्के झाले. २०२२ साली हे छापून आले. हा फुप्फुसाचा कर्करोग नव्हे आणि हे नॅनोही नव्हे. पण संशोधनाचा प्रश्न कुणाच्या खिशाकडे पाहून विचारला जातो, यावर उत्तर कसे बदलते, ते यात दिसते. कंपनी असा प्रयोग कशाला करील? कमी औषध विकायचा प्रयोग!

इथे कायद्याची बाजू समजून घ्या, कारण आपल्या तरुणांना संविधानाची कलमे तोंडपाठ असतात, पण पेटंट कायदा कुणी वाचत नाही. भारतीय पेटंट कायद्याचे कलम ३(ड) सांगते की जुन्याच औषधाचे नुसते नवे रूप काढून पेटंट मिळणार नाही. परिणामकारकता लक्षणीय वाढल्याचे दाखवावे लागेल. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात जी रूपे मोजली आहेत त्यांत 'कणांचा आकार' हे शब्द स्पष्ट आहेत! म्हणजे जुने औषध बारीक करून त्यावर नव्याने वीस वर्षांची मक्तेदारी मागणाऱ्याला आपला कायदा विचारू शकतो, बारीक केलेस ते ठीक, पण रुग्णाला किती जास्त बरे केलेस? १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीला हेच सांगितले, की परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता. त्याच्या वर्षभर आधी, मार्च २०१२ मध्ये, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या नेक्सावार औषधाचा सक्तीचा परवाना एका भारतीय कंपनीला दिला गेला. महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली. औषध तेच होते. मग वरचे २ लाख ७१ हजार कशाचे होते?

पण कायद्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या विरोधात जाते. औषध किंमत नियंत्रण आदेश २०१३ च्या ३२ व्या परिच्छेदात काही औषधांना किंमत नियंत्रणातून सूट आहे. त्यात एक प्रकार असा की देशातच संशोधन करून औषध पोहोचवण्याची नवी पद्धत विकसित केली, तर बाजारात यायची परवानगी मिळाल्यापासून पाच वर्षे किमतीवर सरकारचा लगाम नाही. नॅनो वाहक म्हणजे नेमकी हीच 'पोहोचवण्याची नवी पद्धत'. देशी संशोधनाला उत्तेजन द्यायला आमचा विरोध नाही. पण ज्या संशोधनात जनतेचा पैसा घातला, त्यालाही ही सूट बिनशर्त का? आधी आमच्या पैशाने शोधायचे आणि मग आम्हालाच हवी ती किंमत लावून विकायचे, याला उत्तेजन म्हणत नाहीत. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचा असावा अशी मांडणी केली होती. आज तेवढे मागायचे धाडस आपल्या पुढाऱ्यांत राहिलेले नाही. निदान सार्वजनिक पैशातून निघालेल्या औषधाची किंमत सार्वजनिक असावी, एवढे तरी मागा!

आणि प्रयोगशाळेच्या आत कोण आहे? फाटकावर आपला, झाडूवर आपला, कँटीनमध्ये आपला. पांढऱ्या कोटात किती? २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले, खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षण देता येईल असा मार्ग उघडला, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. केंद्रीय संस्थांसाठी २००६ चा कायदा झाला, पण देशातल्या सगळ्या खासगी विद्यापीठांना बांधून घेणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही. जे आपल्या हिमतीवर पीएचडीपर्यंत पोहोचतात त्यांची अधिछात्रवृत्ती अडते. २०२३ साली बार्टीच्या ८६१ संशोधकांना आझाद मैदानात बसावे लागले. रोहित वेमुलाची फेलोशिप थांबली होती, हे आपण विसरलेलो नाही. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. आपल्या पोस्टरवर त्याचा चेहरा असतो, त्याच्या स्वप्नाचे नाव नसते.

हे लिहिताना आमच्याकडेही बोट वळवतो. चौदा एप्रिलला आमच्याच मंडळाने डीजेवर जेवढे पैसे घालवले तेवढ्यात क्रशरवरच्या किती कामगारांचे छातीचे एक्स-रे झाले असते, हा हिशेब आम्ही नंतर कागदावर मांडला आणि कागद गुपचूप घडी करून ठेवला. आरोग्य शिबिर घेतो तेव्हा साखर आणि रक्तदाब मोजतो, केळी वाटतो, फोटो काढतो. फुंकर मारायला लावून फुप्फुसाची ताकद मोजण्याचे साधे यंत्र असते, ते आम्ही एकदाही आणले नाही. 'कामाच्या ठिकाणी धूळ किती?' हा प्रश्न आमच्या कोणत्याच फॉर्मवर नव्हता.

सावित्रीमाईंचे स्मरण आपण दर दहा मार्चला करतो. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, माई गेल्या. औषध रोग्यापर्यंत पोहोचवणे म्हणजे काय, हे समजायला आम्हाला इंग्रजी शोधनिबंध लागत नाही. तो नॅनोकण रक्तात शिरल्यानंतरचा प्रवास सांगतो. पण वस्तीपासून सलाईनच्या खुर्चीपर्यंतचा प्रवास कोण करणार? वडाप, एसटी, बुडालेली मजुरी, पेशंटबरोबर कुणी जायचे याचे घरातले भांडण, सीटीची तारीख, बायोप्सीची तारीख, रिपोर्टची तारीख. गाठ प्रत्येक तारखेला थोडी वाढते. शंभरातले ०.७ गाठीत पोहोचतात म्हणून शास्त्रज्ञ हळहळतात. आपल्या शंभर रुग्णांतले किती जण वेळेत त्या खुर्चीत पोहोचतात, हे कोण मोजते?

इथे आपले काही कार्यकर्ते म्हणतील, मग आधी एक्स-रे, डॉक्टर, बस हेच मागू या, नॅनो नंतर. या 'आधी-नंतर'ला आमचा सक्त विरोध आहे. आपल्याला नेहमी पायरीपायरीने घ्यायला सांगतात. आधी साक्षर व्हा, मग पदवी मागा. आधी पाणी, मग मंदिर. बाबासाहेब महाडला पाणी प्यायले आणि त्याच लढ्यात मनुस्मृती जाळली. एकाच वर्षी, १९२७ मध्ये. एक्स-रेही हवा आणि अल्ब्युमिनला बांधलेले पॅक्लिटॅक्सेलही हवे, ज्याला डॉक्टर ते योग्य ठरवतील त्याला. ज्याला जुने औषध पुरेसे आहे त्याला नव्याचा आग्रह धरू नये, हेही तितकेच खरे. खासगी दवाखान्यात 'नॅनो' शब्दाला भुलून मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या घरांना आमचे हात जोडून सांगणे आहे: मघाशी दिलेले ११.२ आणि १२.१ हे आकडे डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, आमच्या पेशंटला याने नेमका काय फरक पडेल?

एक सावधगिरीही. नव्या औषधाला माणसांवर चाचणी लागते आणि चाचणीला शरीरे लागतात. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली. संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. लस वाईट नव्हती, ती आपल्या मुलींना मिळायलाच हवी. वाईट होती ती सही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ साली आली, त्याच वर्षी नव्या औषध चाचणीचे नियमही आले. त्यांत नुकसानभरपाई आहे, आणि चाचणी संपल्यावर ज्याला गुण आला त्याला ते औषध पुढे मिळण्याची तरतूदही आहे. वस्तीत कुणी कागदावर सही मागायला आले तर आधी मराठीत वाचून दाखवायला सांगा, प्रत मागा, आणि एका कार्यकर्त्याला बोलवा.

कामगारांचे वेगळे सांगायला हवे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अडारकरांनी कामगार आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. पिरंगुट परिसरातल्या कंपन्यांत ठेकेदाराकडे राबणाऱ्या आपल्या किती पोरांकडे ईएसआयचे कार्ड आहे? ७ जून २०२१ ला उरवड्याच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक बाया. आग एका दुपारी दिसली म्हणून मंत्री आले. धूळ वीस वर्षे दिसत नाही, म्हणून कुणी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधला जगण्याचा हक्क आहे असे म्हटले. तो निकाल क्रशरच्या फाटकापर्यंत पोहोचवायला कुठला वाहक लागेल?

आम्ही काय करतो आहोत ते सांगून थांबतो. माहितीच्या अधिकारातले तीन अर्ज तयार आहेत. पहिला आरोग्य खात्याला: मुळशी तालुक्यात मागच्या पाच वर्षांत टीबीचे उपचार सुरू केलेल्या, पण थुंकीत जंतू न सापडलेल्या किती रुग्णांचा पुढे सीटी स्कॅन झाला, आणि किती जणांत कर्करोग निघाला? दुसरा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पॅकेजमध्ये पॅक्लिटॅक्सेलचे कोणते रूप येते, ॲलर्जी आलेल्या रुग्णाला दुसरे रूप देण्याची सोय आहे का, आणि पाच लाखांच्या मर्यादेतून तपासणीचे पैसे वजा होतात का? तिसरा जैवतंत्रज्ञान विभागाला: नॅनो वाहकांच्या ज्या संशोधनाला निधी दिला, त्याच्या करारात तयार औषधाच्या किमतीबद्दल एखादी तरी अट आहे का?

अर्जांचे मसुदे ज्यांना हवेत त्यांनी कळवावे, आपापल्या तालुक्याचे नाव घालून पाठवता येतील. क्रशरवरच्या कामगारांची यादी करायला रविवारी सकाळी पौडच्या एसटी स्टँडवर जमणार आहोत. मावशीचा धाकटा येणार आहे. तो आता त्याच क्रशरवर आहे.

जय भीम!